इंजिनाआधी बॅटरी

इंदूरच्या मराठी माणसाचं नर्मदेशी नातं होळकरांच्या काळापासूनचं आहे. 1818 पर्यंत राजधानी महेश्वरला होती, आणि 1978 पासून तर शहर नर्मदेचं पाणी पितं. आजही महेश्वरच्या बाणेश्वराच्या दर्शनाला किंवा ओंकारेश्वरला पैलतीरी जाताना आपण मोटारबोटीत बसतो, तेव्हा नजर इंजिनाकडे जाते, फार तर लाइफ जॅकेट शोधते. बॅटरी, दिवे, भोंगा, तळातलं पाणी उपसणारा पंप या गोष्टी आपल्याला सोयीच्या वाटतात. जलप्रवासाचा इतिहास मात्र त्यांना जीव वाचवणाऱ्या साधनांच्या पहिल्या रांगेत बसवतो.

इंजिनाने नौकांना वेग दिला आणि त्याच वेगाने टकरीचा धोका वाढवला. म्हणून 1848 मध्ये ब्रिटनने आगबोटींना डाव्या अंगाला लाल आणि उजव्या अंगाला हिरवा दिवा सक्तीचा केला. समोरची नौका कुठे वळते आहे, हे अंधारात त्यावरून कळू लागलं. आजच्या मोटारबोटीवरही हीच खूण चालते. पुढे बिनतारी संदेश आला. एप्रिल 1912 मध्ये ‘टायटॅनिक’ बुडताना तिच्यावरची वीज जवळजवळ शेवटपर्यंत टिकली, म्हणून बिनतारी यंत्र चालू राहिलं आणि ‘कार्पेथिया’ जहाजाने येऊन सातशेहून अधिक माणसं वाचवली.

‘कार्पेथिया’ बांधणाऱ्या स्वान हंटर गोदीतच 1936 साली ‘रामदास’ बोट तयार झाली. 17 जुलै 1947 रोजी, आषाढातल्या अमावास्येला, ती मुंबईतल्या भाऊच्या धक्क्यावरून रेवस बंदराकडे निघाली आणि काशाच्या खडकाजवळ वादळी लाटांत कलंडून बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. तिच्यावर बिनतारी यंत्र नव्हतं. मुंबई एवढी जवळ असूनही ही बातमी शहराला कळायला कित्येक तास लागले, आणि तीही जिवंत किनाऱ्याला लागलेल्यांकडून. रेवसकडच्या कोळ्यांनी आपल्या नावांत घेऊन अनेकांचे प्राण वाचवले, पण त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. ते त्या वाटेवर होते एवढंच.

यावर कुणी म्हणेल, की बोट काही मिनिटांत बुडाली, तिथे यंत्राने काय केलं असतं? आत अडकलेल्यांसाठी काहीच नाही, हे मान्य. पण जे तासन् तास लाटांवर तरंगत होते, त्यांच्यासाठी मदत वेळेत निघू शकली असती. दुसरा आक्षेप असा, की नर्मदा म्हणजे समुद्र नव्हे आणि इथला नावाडी पिढ्यान् पिढ्या पाणी ओळखतो. त्याच्या कसबाबद्दल आदरच आहे, पण त्याने ओळखलेली नदी धरणांनी बदलली. 2005 मधल्या इंदिरासागर धरणामागे नऊशे चौरस किलोमीटरहून मोठा जलाशय आहे. वारा सुटला की तिथे लाटा उठतात, आणि किनाऱ्यापर्यंत हाक पोहोचत नाही. तिसरा आक्षेप खर्चाचा. दिवे, भोंगा, पंप, अग्निशामक आणि फोनसाठी पाणी न शिरणारी पिशवी यांचा खर्च इंजिनाच्या किमतीपुढे किरकोळ आहे.

तरी साधन असणं आणि ते चालणं यांत अंतर असतं. इंजिन सुरू करणारी बॅटरीच दिवे आणि पंपही ओढत असेल, तर ती उतरल्यावर सगळंच एकदम बंद पडतं. म्हणून शक्य तिथे दुसरी बॅटरी हवी. मेन स्विच बंद केला तरी पंप चालावा, यासाठी त्याची तार वेगळ्या फ्यूजमधून थेट बॅटरीला जोडतात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचते आणि एका ठिणगीने पेटते, म्हणून बंदिस्त इंजिनाच्या बोटीत आधी पंख्याने ती बाहेर काढायची आणि मगच चावी फिरवायची. 1917 च्या कायद्याची जागा घेणाऱ्या 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने दिवे, संकेत, जीवरक्षक आणि संपर्कसाधनांना स्वतंत्र स्थान दिलं आहे. पण घाटावर तो कायदा प्रवाशाच्या आग्रहाशिवाय उतरणार नाही. इंदूरहून नर्मदेवर जाणाऱ्या प्रत्येकाने जॅकेट अंगात घालावं आणि बोट सुटण्याआधी नावाड्याला भोंगा वाजवून, पंप चालवून दाखवायला सांगावं. त्याला नकार मिळाला, तर त्या बोटीत बसू नये.