निधी गरिबांचा, हमीपत्र खोटे : वेस्टचेस्टरचा धडा

"जात कशाला बघता, उत्पन्न बघा." हा युक्तिवाद आपल्याला नवा नाही. पण याच युक्तिवादाच्या आड एका श्रीमंत अमेरिकन काउंटीने सहा-सात वर्षे केंद्र सरकारचे पैसे घेतले आणि शेवटी ती न्यायालयात उघडी पडली. ही हकीकत आपल्या कार्यकर्त्यांना माहीत असायला हवी.

1949 च्या गृहनिर्माण कायद्याने अमेरिकन शहरांना झोपडपट्ट्या पाडण्यासाठी केंद्राचा पैसा मिळू लागला. पाडल्या गेल्या त्या बहुतेक ठिकाणी काळ्यांच्या वस्त्या. जेम्स बाल्डविन यांनी 1963 मध्येच या 'नगर-नवनिर्माणा'ला काळ्यांना हटवण्याचा कार्यक्रम म्हटले होते. पुढे 4 एप्रिल 1968 रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि आठवडाभरात फेअर हाउसिंग कायद्यावर सही झाली. भेदभाव करू नका, एवढेच हा कायदा सांगत नव्हता. केंद्राच्या गृहनिर्माण व नगरविकास कार्यक्रमांतून वेगळेपणा मोडण्यासाठी पावले उचला, असेही त्यात होते.

1974 मध्ये वेगवेगळ्या योजना गुंडाळून एकच 'कम्युनिटी डेव्हलपमेंट ब्लॉक ग्रँट' सुरू झाली. लोकसंख्या, दारिद्र्य, घरांची अवस्था अशा सूत्राने रक्कम ठरते. रस्ता, गटार, समाजमंदिर की घरदुरुस्ती, हे शहर ठरवते. आज किमान 70 टक्के खर्च अल्प व मध्यम उत्पन्न गटाच्या हिताचा दाखवावा लागतो. ऐकायला छान. स्थानिकांना अधिकार! पण स्थानिक म्हणजे कोण? 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी ग्रामस्वराज्याच्या भाबड्या कौतुकाची चिरफाड केली होती, ती इथे आठवते. तिजोरीची किल्ली गावाकडे गेली की ती गावकुसाच्या आतल्यांकडेच जाते. (केंद्राचा पैसा प्रांतांकडे कसा जातो, हाच तर त्यांच्या कोलंबियातील डॉक्टरेटच्या प्रबंधाचा विषय. अर्थतज्ज्ञ बाबासाहेब आपण फारच कमी वाचतो.)

त्याच कोलंबिया विद्यापीठाच्या न्यूयॉर्क शहराला लागून उत्तरेला वेस्टचेस्टर काउंटी आहे. तिथल्या अनेक गावांत मोठमोठे प्लॉट, स्वतंत्र बंगले आणि अपार्टमेंटना जवळजवळ बंदी. 'काळ्यांना प्रवेश नाही' अशी पाटी कुठेच नाही. पाटीची गरजच नव्हती, झोनिंगचा नियम पुरेसा होता. 2000 ते 2006 या काळात काउंटीने केंद्राकडून 5 कोटी 20 लाख डॉलरहून अधिक निधी घेतला. दरवर्षी हमी दिली की आम्ही न्याय्य गृहनिर्माणातील अडथळे शोधतो आणि दूर करतो. प्रत्यक्षात अडथळ्यांच्या अभ्यासात वंशाचा विचारच नव्हता. काउंटीचे म्हणणे काय, तर प्रश्न वंशाचा नाही, उत्पन्नाचा आहे.

ओळखीचे वाटते ना?

2006 मध्ये अँटी-डिस्क्रिमिनेशन सेंटर या छोट्या संस्थेने दावा ठोकला. शस्त्र निवडले 1863 चे. यादवी युद्धात सैन्याला निकृष्ट माल विकणाऱ्या ठेकेदारांसाठी केलेला 'फॉल्स क्लेम्स' कायदा. सरकारला खोटे सांगून पैसे उकळणाऱ्यावर कोणीही नागरिक सरकारच्या वतीने खटला भरू शकतो. संस्थेचा मुद्दा सरळ होता: हमी खोटी, म्हणून उचललेला निधीही फसवणुकीचा. फेब्रुवारी 2009 मध्ये न्यायाधीश डेनिस कोट यांनी काउंटीची हमीपत्रे खोटी ठरवली. वंशाचा विचार न करता न्याय्य गृहनिर्माणाचा अभ्यास होऊच शकत नाही, असा निकालाचा गाभा. ऑगस्टमध्ये 6 कोटी 25 लाख डॉलरची तडजोड झाली: 750 परवडणारी घरे, त्यातली 630 अशा ठिकाणी जिथे काळे 3 टक्क्यांहून आणि हिस्पॅनिक 7 टक्क्यांहून कमी.

आपल्याकडे अनुसूचित जाती उपयोजनेचा निधी वळवल्याच्या बातम्या येतात. 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी दिल्लीत या निधीतले शेकडो कोटी वळवल्याचे तर संसदेतच मान्य झाले. आपण निवेदन देतो, मोर्चा काढतो, ते करायलाच हवे. पण निधी मागताना कोणत्या अधिकाऱ्याने कोणत्या कागदावर सही केली, तो कागद माहिती अधिकारात मागवणारे किती? वेस्टचेस्टरमध्ये सारा खटला त्या सहीवर उभा राहिला.

अर्थात तिथेही सवर्णांची, म्हणजे गोऱ्यांची, वृत्ती निकालाने बदलली नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तडजोडीचे विरोधक रॉब अ‍ॅस्टोरिनो काउंटीप्रमुख म्हणून निवडून आले. सरकारी भाडे-अनुदान घेणाऱ्यांना घर नाकारता येणार नाही, असा कायदा 2010 मध्ये काउंटी मंडळाने मंजूर केला. त्यांनी नकाराधिकार वापरला. त्यामुळे तडजोडीचा भंग झाला, असे अपील न्यायालयाने 2013 मध्ये ठरवले. केंद्राने अनुदान रोखले. काउंटीने लाखो डॉलर सोडले, पण झोनिंगच्या नियमांना हात लावू दिला नाही.