खळ्याच्या दाराला काच

इंग्लंडमध्ये जुन्या ‘बार्न’चं घर केलेलं असतं. त्याच्या लाकडी खिडक्या कुजतात, आणि मालक नव्या बसवायच्या म्हणून सुतार शोधू लागतो. त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: ही खिडकी इथे आली कशी? कारण बार्नला मुळात खिडक्या नसायच्याच. 1696 ते 1851 पर्यंतच्या खिडकीकराशी याचा संबंध नाही. तो कर राहत्या घरांवर होता.

बार्न म्हणजे कोठार, असं आपण सरसकट म्हणतो. ते अर्धंच खरं. पावसाळी देशात उघड्यावर मळणी परवडत नाही, म्हणून खळ्यावरच छप्पर घातलं, इतकी साधी गोष्ट. दोन्ही बाजूंना पेंढ्यांच्या थप्प्या, मधोमध मळणीची जमीन आणि तिच्या दोन टोकांना समोरासमोर दोन प्रचंड दारं. भरलेली गाडी एका दारातून आत यायची. हिवाळाभर गडी कणसं झोडपत, आणि मग दारं सताड उघडून आरपार वाहणाऱ्या वाऱ्यावर उफणणी. बाकी भिंतींना हवेपुरत्या अरुंद फटी. कुठेकुठे वर घुबडासाठी एक भोक: उंदरांचा बंदोबस्त.

अठराव्या शतकाच्या अखेरीस मळणीयंत्र आलं. गड्यांची हिवाळ्यातली मजुरी बुडाली. 1830 साली त्यांनी ही यंत्रं फोडली, दंगली झाल्या. यंत्र टिकलं. विसाव्या शतकात कम्बाइन हार्वेस्टरने मळणी थेट शेतातच नेली आणि बार्न ओस पडले. त्यांची घरं झाली तेव्हा उजेडासाठी भिंती कापल्या गेल्या. म्हणजे आज ‘जुनी’ म्हणून जपायची की काढायची असा वाद ज्या खिडकीवरून होतो, ती बऱ्याचदा चाळीस-पन्नास वर्षांचीच असते. भराभर वाढवलेलं मऊ लाकूड. रंग सुटला की खालच्या आडव्या पट्टीत पाणी मुरतं. एसेक्समधल्या क्रेसिंग टेंपलच्या बार्नचा ओकचा सांगाडा मात्र तेराव्या शतकापासून उभा आहे.

अशी खिडकी खुशाल बदलावी. तिच्यासाठी गळा काढण्यात अर्थ नाही. (इमारत संरक्षित यादीत असेल तर आधी परवानगी घ्यावी लागते, न घेणं हा फौजदारी गुन्हा आहे.) नवी बसवताना तिला खेडवळ बंगलीची चौकडी तेवढी नको.

मोठ्या दारांची गोष्ट वेगळी. विल्यम मॉरिसने 1877 मध्ये जुन्या इमारतींसाठी संस्था काढली, तिचा आग्रह नवंकोरं करण्यापेक्षा डागडुजीवर होता. दाराच्या फळ्या तळाशी कुजतात. तेवढाच भाग कापून नवा ओक जोडता येतो, आणि जोड दिसला तरी बिघडत नाही. दारं उघडी ठेवून काच थोडी आत बसवली, की उफणणीची ती जागा बाहेरून ओळखू येते.

आणि वरच्या भोकात घुबडाचं घरटं असेल, तर 1981 च्या कायद्यानुसार पिल्लं उडून जाईपर्यंत त्यांना त्रास देता येत नाही. सुताराला थांबावं लागतं.