पाडस घरी आणताना



जडभरताची गोष्ट आपण कीर्तनात ऐकलेली आहे. भरत राजा राज्य सोडून वनात गेला. एके दिवशी सिंहाची डरकाळी ऐकून एका गाभण हरिणीने नदीवरून उडी घेतली. तिचे पाडस पाण्यात पडले, आणि ती मेली. राजाने ते पोरके पाडस आश्रमात आणले. त्याचा लळा असा लागला की मरतानाही राजाच्या डोळ्यांपुढे तेच होते. पुढचा जन्म हरणाचा आला. ही गोष्ट आज मी बारामती-इंदापूरच्या माळावर आणणार आहे. कारण पाडस उचलणारे दयाळू हात आपल्याकडेही आहेत.

आपला मुलूख मुळात कसा, ते आठवा. पाऊस बेताचा, जमीन मुरमाड, तिच्यावर कुसळी गवत. त्या गवतात चिंकारा, लांडगा, खोकड, तरस पिढ्यान्‌पिढ्या राहत आले. १८८५ च्या सुमारास नीरा डाव्या कालव्याचे पाणी आले. १९३० नंतर वालचंदनगरला साखर कारखाना उभा राहिला. १९८० साली उजनीचे धरण पुरे झाले. घरात चार पैसे आले, हे चांगलेच झाले. पण गवत आकसले. रानमांजर उसात विऊ लागले, पुढे बिबट्याही आला. म्हणून रानातले पिलू आणि माणूस आता वरचेवर समोरासमोर येतात. कुठे फडात कोयता चालू असता पिले दिसतात. कुठे कुत्री चिंकाऱ्याच्या मागे लागतात. इंदापुरात चिंचेच्या झाडांवर चित्रबलाक घरटी करतात. वारा सुटला की त्यांचे एखादे पिलू खाली पडते.

अशा वेळी जुनी रीत काय? पिलू घरी आणायचे, डालग्याखाली ठेवायचे, वाटीभर गाईचे दूध पाजायचे. पुष्कळदा ते हगवण लागून मरायचे. जगलेच तर माणसाळायचे, आणि माणसाला व कुत्र्याला न भिणारे हरीण माळावर किती दिवस टिकणार?

याच सुमाराला दोन गोष्टी घडल्या. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. त्यानुसार रानातले जनावर हाती आले, तर अठ्ठेचाळीस तासांच्या आत पोलीस ठाण्याला किंवा वनखात्याला कळवावे लागते. दुसरी गोष्ट गडचिरोलीतल्या हेमलकशाची. तिथे १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश आमटे यांना शिकारीहून परतणारी माणसे भेटली. मेलेल्या माकडिणीला तिचे जिवंत पिलू बिलगलेले होते. त्यांनी ते मागून घेतले. त्यातून पोरक्या प्राण्यांचे घरच उभे राहिले. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांना २००८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

मग आपणही तसेच करावे का? इथेच थोडे थांबा. हेमलकशाच्या त्या पिलाची आई खरोखर मेलेली होती. आपल्या माळावर तसे नेहमी नसते. चिंकारा मादी पाडसाला गवतात दडवून चरायला दूर जाते, आणि पाजायला परत येते. पाडस हालत नाही, ओरडत नाही. आपल्याला वाटते, बिचारे टाकलेले आहे! आपण ते उचलतो, आणि त्याला पोरके करणारे आपणच ठरतो. चिंकाऱ्यासाठी सुप्याजवळ १९९७ साली मयूरेश्वर अभयारण्य झाले. पण ते सव्वापाच चौरस किलोमीटरही भरत नाही. बाकीची पाडसे आपल्याच बांधालगत वाढतात.

बिबट्याच्या पिलांचेही तसेच. जुन्नर भागात वनखात्याची माणसे सापडलेली पिले त्याच शेतात, खोक्यात घालून, संध्याकाळी ठेवतात. रात्री मादी येते, एकेक पिलू तोंडात धरून नेते. माणसांनी तेवढा वेळ लांब राहायचे, इतकेच.

मग घरी करण्यासारखे काहीच नाही का? आहे. पिलू धडधाकट दिसले, तर हात न लावता दूर व्हा, कुत्री आवरा आणि वनखात्याला कळवा. मादी जवळच असेल हे विसरू नका. बिबट्याच्या पिलांपाशी तर मुळीच थांबू नका. रक्त येत असेल, पाय मोडला असेल, किंवा आई मेलेली दिसली, तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर दूरध्वनी करा. मदत येईपर्यंत लहान जीव भोके पाडलेल्या खोक्यात, मऊ फडक्यावर, अंधारात आणि शांत जागी ठेवा. दूध पाजू नका. तोंडात पाणीही ओतू नका, ते श्वासनळीत जाते. चित्रबलाकाच्या चोचीपासून डोळे सांभाळा. खोकड, लांडगा, रानमांजर यांना उघड्या हाताने धरू नका. चावले, ओरबाडले तर जखम साबणाने धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. पिसाळीचा रोग जिवावरचा आहे. आणि मुलांची गर्दी जमू देऊ नका, भीतीनेही पिलू दगावते.

गुरुजी, एक काम तुमच्याकडे. दिवाळीनंतर ऊसतोडणी सुरू होते, त्याआधी एक दिवस वर्गात ही गोष्ट सांगा आणि तो क्रमांक फळ्यावर लिहा. टोळ्यांची मुले शाळेत आली, तर त्यांनाही शेजारी बसवा. फडातले पिलू बहुतेक वेळा आधी त्यांच्याच आईबापांना दिसते.

भरत राजाने पाडस बुडू दिले नाही, ते योग्यच केले. ते मोठे झाल्यावर कळपात सोडून येणे मात्र त्याला जमले नाही. आपल्याला ते जमले पाहिजे.