शाईपेन अडते कुठे?

मुंबई, प्रतिनिधी : वडिलांचे शाईपेन हौसेने कपाटातून काढावे, शाई भरावी आणि पहिल्याच ओळीला निबने कागद खरवडावा, हा अनुभव अनेकांना येतो. 'निब गेली' असा निकाल देऊन ते पेन पुन्हा कपाटात जाते किंवा थेट कचऱ्यात. प्रत्यक्षात अनेकदा निब शाबूत असते. पेनात जुनी शाई वाळून बसलेली असते. उलट निबमध्ये खरोखर दोष असेल, तर घाईघाईने केलेली घासाघीस तो कायमचा करून ठेवते. म्हणूनच दुरुस्तीआधी निदान महत्त्वाचे ठरते.

उपनगरांचे शाईशी नाते जुने आहे. दि. प. दांडेकर यांनी १९३१ साली शाईची पूड व वड्या यांपासून सुरू केलेल्या व्यवसायातूनच 'कॅमल' शाई घराघरांत पोहोचली. पुढे 'कॅम्लिन' या नावाने वाढलेल्या या उद्योगाचा पत्ता अंधेरी (पूर्व) हा झाला. २०११ साली जपानच्या कोकुयो कंपनीने त्यात मोठा हिस्सा घेतला. बॉलपेनच्या काळात शाईपेनाचा वापर घटला आणि त्याबरोबर पेन घरीच नीट करण्याची माहितीही मागे पडली.

पेन चालते कसे?

निबच्या मधोमध एक बारीक चीर असते. निबखालच्या जिभेतील खाचेतून शाई केशाकर्षणाने या चिरेत येते आणि जेवढी शाई बाहेर पडते तेवढी हवा आत जाते. अमेरिकेत लुईस वॉटरमन यांना १८८४ साली पेटंट मिळाले ते शाई व हवेचा हा मेळ साधणाऱ्या जिभेसाठीच. निबच्या टोकाशी कठीण मिश्रधातूचा सूक्ष्म मणी बसवलेला असतो. त्यामुळे तक्रारींचे दोनच प्रकार संभवतात : शाईचा प्रवाह बिघडला आहे किंवा टोक बिघडले आहे.

आधी स्वच्छता

कोणत्याही तक्रारीवर पहिला उपाय म्हणजे साधे पाणी. निबचा भाग काही तास, पेन फार जुने असल्यास रात्रभर, थंड वा किंचित कोमट पाण्यात बुडवून ठेवावा. नंतर पाणी स्वच्छ निघेपर्यंत आतून धुवावे. नव्या पेनात निर्मितीच्या वेळचा तेलकटपणा राहिलेला असू शकतो. त्यासाठी पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब पुरतो. मग पेन कोरडे करून नेहमीची शाई भरावी आणि चांगल्या कागदावर लिहून पाहावे.

लक्षणे व कारणे

एकाच दिशेने रेघ ओढताना खरखर : चिरेच्या दोन्ही बाजूंची पाती समपातळीत नसतात. घड्याळजींकडे असते तसे दहापट मोठे दाखवणारे भिंग समोरून धरल्यास एक पाते वर आलेले दिसते. ते नखाने अगदी हलके, थोडे थोडे दाबावे आणि दर वेळी भिंगातून पाहावे.

सर्व दिशांना खरखर : टोकाचा मणी खडबडीत असतो किंवा झिजलेला असतो.

पहिला शब्द न उमटणे : टोपण सैल असल्यास निबवरील शाई सुकते. टोपण घट्ट असूनही असे होत असेल, तर टोकाला गरजेपेक्षा जास्त गुळगुळीत केलेले असते. चिरेच्या कडा आत वळतात आणि शाई कागदापर्यंत पोहोचत नाही. हे काम जाणकाराचेच.

रेघ फिकी, मध्येच तुटणारी : जिभेत शाई वाळलेली असते किंवा चीर फार आवळलेली असते. धुऊनही फरक न पडल्यास पितळेचा अतिशय पातळ पत्रा चिरेतून अलगद फिरवतात.

शाईचे ठिपके पडणे : पेनात शाई कमी आणि हवा जास्त असली, की हाताच्या उबेने हवा प्रसरण पावते आणि शाई बाहेर ढकलली जाते. ड्रॉपरने भरायच्या पेनात हे अधिक घडते. शाई संपत येण्यापूर्वीच भरावी. लोकलच्या गर्दीत पेन खिशात निब वर करूनच ठेवावे.

अक्षरे पसरणे : पावसाळ्यात वही दमट होते आणि शाई फुटते. अशा वेळी निबला दोष देण्याआधी कागद बदलून पाहावा.

हे टाळा

चिरेत ब्लेड घालू नये. टोक सँडपेपरवर घासू नये. मण्याचा गेलेला धातू परत येत नाही. उकळते पाणी, स्पिरिट वा अॅसिटोन वापरू नये, त्याने पेनाचे अंग खराब होऊ शकते. चित्रकलेची जलरोधक शाई पेनात कधीही भरू नये. ती वाळली की पाण्याने सुटत नाही.

निब कधी बदलावी?

मणी निघाला असेल किंवा पात्याला तडा गेला असेल, तर घरगुती उपाय संपले. साध्या पोलादी निबची जागा नवी निब घेऊ शकते. मात्र मापाची खात्री व्हावी म्हणून पेन सोबत न्यावे. काही निबा ओढून निघतात, काही आट्यांच्या असतात, त्यामुळे जोर लावू नये. सोन्याच्या निबवर बहुधा '१४ के' असा ठसा असतो. अशी निब बदलण्याची घाई करू नये. तिच्या टोकाला कुशल कारागीर नवा मणी बसवू शकतो.

नवे पेन घेताना दुकानातच शाईत बुडवून स्वतःच्या वहीवर उभ्या, आडव्या रेघा आणि इंग्रजी आठचा आकडा काढून पाहावा. विद्यार्थ्यांनी परीक्षेला कोरे पेन नेऊ नये. आठवडाभर आधी ते हाताखाली घालावे. आणि वडिलांचे पेन दुरुस्त झालेच, तर ते पुन्हा शाईसह कपाटात ठेवू नये. रोज चार ओळी लिहाव्यात. ते जमणार नसेल, तर धुऊन, कोरडे करून ठेवावे.