कूलिंग स्टॅण्डमधील स्पीकर : वारा किती, आवाज किती?

लॅपटॉप दीर्घकाळ चालू राहिला की तापतो आणि त्याच्या अंगचे स्पीकर किरटे वाजतात. या दोन्ही तक्रारींवर एकच उतारा म्हणून बाजारात आलेली वस्तू म्हणजे स्पीकर बसवलेला कूलिंग स्टॅण्ड. लॉजिटेक कंपनीचा २०१० च्या सुमाराचा ‘स्पीकर लॅपडेस्क एन ७००’ हा याच जातीचा. त्यात पंखा होता, दोन बाजूंना दोन स्पीकर होते आणि हे सर्व यूएसबीच्या विजेवर चालत असे.

कल्पना आकर्षक असली तरी अडचण विजेच्या हिशेबात आहे. यूएसबी २.० पोर्टमधून ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर, म्हणजे अडीच वॉट वीज मिळते, यूएसबी ३.० मध्ये ती साडेचार वॉटपर्यंत जाते. त्यातच पंखा फिरवायचा आणि गाणेही वाजवायचे. अडीच वॉटांपैकी एक वॉट पंख्याने घेतला, तर दोन्ही स्पीकरांच्या वाट्याला मिळून जेमतेम दीड वॉट उरतो. अशा वस्तूच्या खोक्यावर शंभर-दोनशे वॉट ‘पीएमपीओ’ छापलेले दिसल्यास तो आकडा वाचून सोडून द्यावा, हे बरे. पीएमपीओ मोजण्याची कोणतीही सर्वमान्य पद्धत नाही. सातत्याने मिळणाऱ्या शक्तीचा अंदाज ‘आरएमएस’ या आकड्यावरून येतो आणि तो छापण्याचा उत्साह सहसा कमी असतो.

अर्थात, वॉट कमी म्हणजे आवाज नाही असे नव्हे. शक्ती दुप्पट केली तरी आवाज ३ डेसिबलनेच वाढतो. कानाला तो दुप्पट मोठा वाटण्यासाठी सुमारे दहापट शक्ती लागते. त्यामुळे हातभर अंतरावर बसलेल्या श्रोत्याला एक वॉटही पुरतो. प्रश्न आहे तो कोणता आवाज गळतो याचा.

गळती होते ती खर्जात. खालचे स्वर निर्माण करण्यासाठी पुष्कळ हवा हलवावी लागते. वारंवारिता निम्मी झाली की तेवढ्याच आवाजासाठी स्पीकरच्या पडद्याला चौपट अंतर मागेपुढे व्हावे लागते. दीड-दोन इंचांच्या पडद्याला हे झेपत नाही. त्यातच स्टॅण्डचे प्लॅस्टिक पातळ आणि वाऱ्यासाठी जागोजागी छिद्रे पाडलेले. स्पीकरांना स्वतंत्र बंद कप्पा दिलेला नसेल, तर पडद्यामागे उठणारी ध्वनिलहर त्या छिद्रांतून बाहेर येते आणि पुढच्या लहरीला मारक ठरते. काळी एक पट्टीत गाणाऱ्या गायकाचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा, तर त्याच्या तानपुऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झची. ही तार अशा स्पीकरवर मूळ रूपात जवळजवळ वाजतच नाही. तरीही तानपुरा ओळखू येतो, याचे श्रेय कानाचे : वरचे स्वरांश ऐकून मेंदू न वाजलेला मूळ स्वर भरून काढतो. डग्ग्याच्या घुमाऱ्याला मात्र ही मदत फारशी पोहोचत नाही.

याउलट बातम्या, व्याख्याने व ऑनलाइन तासिका यांसाठी हे स्पीकर बरे ठरतात. कारण व्यंजनांची स्पष्टता वरच्या वारंवारितांवर अवलंबून असते. अट एवढीच, की स्पीकर लॅपटॉपच्या खाली झाकले जाऊ नयेत. १०,००० हर्ट्झच्या लहरीची लांबी साडेतीन सेंटिमीटरांहूनही कमी असते आणि वाटेतील अडथळा तिला सहज अडवतो.

पंख्याचा त्रास निराळाच. सात पात्यांचा पंखा मिनिटाला १,२०० फेरे घेत असेल, तर त्याची घरघर १४० हर्ट्झच्या आसपास उमटते. म्हणजे योगायोगाने काळी एकच्या षड्जालाच ती जाऊन भिडते! हळुवार आलापी ऐकणाऱ्याला ही अनाहूत साथ लगेच जाणवते. शिवाय वीज यूएसबीतून आणि ध्वनी हेडफोनच्या खाचेतून, अशी दुहेरी जोडणी असलेल्या स्टॅण्डमध्ये संगणकाच्या व पंख्याच्या विजेतील खरखर गाण्यात मिसळण्याचा संभव असतो. ध्वनीदेखील यूएसबीतूनच घेणाऱ्या स्टॅण्डमध्ये ही शक्यता कमी.

फिरती हार्ड डिस्क असलेल्या जुन्या लॅपटॉपखाली थरथरणारा स्पीकर ठेवण्यापूर्वी मात्र थोडा विचार करावा. मायक्रोसॉफ्टचे अभियंता रेमंड चेन यांनी २०२२ मध्ये विंडोज एक्सपीच्या काळातील एक हकिगत प्रसिद्ध केली. जॅनेट जॅक्सनच्या ‘रिदम नेशन’ या गाण्याचा व्हिडिओ लावताच काही लॅपटॉप बंद पडत. इतकेच नव्हे, तर शेजारी ठेवलेला दुसरा लॅपटॉपही बंद पडे. मिनिटाला ५,४०० फेरे घेणाऱ्या एका हार्ड डिस्कची नैसर्गिक कंपनसंख्या त्या गाण्यातील ध्वनीशी जुळत होती. उत्पादकाने ती वारंवारिता गाळून टाकणारी व्यवस्था ध्वनियंत्रणेतच बसवली. एसएसडीत फिरता भाग नसल्याने नव्या लॅपटॉपना ही भीती नाही.

थंडाव्याचे म्हणाल, तर लॅपटॉप हवा तळातून ओढत असेल तरच खालच्या पंख्याचा खरा उपयोग. तळाला जाळी नसेल, तर मागची कड उचलून धरणारा बिनपंख्याचा स्टॅण्डही बहुधा पुरतो आणि शिल्लक पैशांत चांगले स्वतंत्र स्पीकर घेता येतात.

खरेदीपूर्वी दुकानातच लॅपटॉप स्टॅण्डवर ठेवून पंखा पूर्ण वेगाने सोडावा, मग ओळखीचे गाणे लावून आवाज वाढवीत न्यावा. प्लॅस्टिक कोठे खडखडते ते लगेच समजते. पंख्याला स्वतंत्र बटण आहे का, हेही पाहावे. ते नसेल तर घरघर थांबवण्यासाठी वायरच काढावी लागते आणि वायर काढली की स्पीकरही मुके होतात.