मावळ्याची बैठक

चेन्नई सेंट्रलहून उत्तरेला निघणाऱ्या बऱ्याचशा लोकल गुम्मिडिपूंडीला संपतात. पुढे थोड्याच अंतरावर आंध्र लागतो. गावाला चिकटून सिपकॉटची औद्योगिक वसाहत आहे. तिथल्या एका रोलिंग मिलमध्ये नवरा नोकरीला, म्हणून आमचं बिऱ्हाड इथं. दर दिवाळीच्या आधी पुण्याहून सासूबाई एक खोकं पाठवतात. चिवडा, चकल्या, आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेले कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यातले मावळे. दोन वर्षांपूर्वी त्यातले चार मावळे घोट्यात मोडून आले. पाय बैठकीवर, बाकीचा मावळा निराळा.

मुलगा तेव्हा बारा वर्षांचा होता. मला वाटलं, रडेल. त्यानं मोडक्या मावळ्यांकडे कारागिराच्या नजरेनं पाहिलं आणि म्हणाला, "आई, यांना नवीन बेस करू या." त्याला छोट्या सैनिकांच्या युद्धखेळांचा नाद आहे. अठ्ठावीस मिलिमीटर उंचीचे प्लास्टिकचे सैनिक रंगवायचे, लाकडी चकत्यांवर बसवायचे, टेबलावर फासे टाकून लढवायचे. बेसला मराठीत काय म्हणायचं, हा प्रश्न मात्र माझ्या वाट्याला आला. अनुवाद करणाऱ्या माणसाला असे प्रश्न झोपू देत नाहीत. पहिला शब्द सुचला तो 'तळ'. पण सैन्याच्या बाबतीत तळ म्हणजे छावणी. 'पाया' घरांना असतो. मूर्ती आणि भांडी ज्यावर टेकतात तिला आपण बैठक म्हणतो. उभ्या सैनिकाची बैठक हे ऐकायला विचित्र वाटतं, पण शब्द तोच खरा.

या बैठकीचा इतिहास वाचत गेले तसं लक्षात आलं, की युद्धखेळात बैठक आधी आली आणि सैनिक मागून. प्रशियातल्या गेओर्ग लिओपोल्ड फॉन राइसविट्झनं १८१२ साली राजा तिसऱ्या फ्रीडरिश विल्हेल्मला एक टेबल करून दिलं. त्यावर डोंगर, नद्या, गावं असलेल्या चौकोनी फरशा हव्या तशा मांडता येत. त्याच्या मुलानं १८२४ साली खेळाचे सुधारलेले नियम छापले. टेबलाच्या जागी आता १:८००० प्रमाणाचा नकाशा आला. त्यात सैनिकांच्या बाहुल्या नव्हत्याच, लाल आणि निळे ठोकळे होते. तुकडी रणांगणावर जेवढी जागा व्यापेल तेवढ्याच मापाचा ठोकळा. माणसाचा चेहरा, गणवेश, बंदूक यांची त्या खेळाला गरज नव्हती. किती माणसं किती रुंदीत उभी राहतात, एवढंच कळायला हवं होतं. प्रशियाच्या सैन्यानं हा खेळ अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी उचलला.

खेळण्यातले सैनिक दुसऱ्या वाटेनं आले. न्यूरेंबर्गचे कारागीर अठराव्या शतकापासून कथलाचे चपटे सैनिक ओतत. ते पत्र्यासारखे पातळ, म्हणून उभं राहण्यासाठी पायाखाली छोटी चकती ओतलेली. पुढे १८९३ साली इंग्लंडमध्ये विल्यम ब्रिटनच्या कारखान्यानं आतून पोकळ सैनिक ओतायची युक्ती काढली. शिसं कमी लागू लागलं, किंमत उतरली आणि पोरांच्या हातात पलटणी आल्या. एच. जी. वेल्सनं १९१३ साली 'लिटल वॉर्स' हे पुस्तक लिहिलं ते याच सैनिकांसाठी. त्याच्या खेळात स्प्रिंगच्या तोफेतून लाकडी गोळी मारायची आणि आडवा पडलेला सैनिक मेला असं धरायचं. म्हणजे सैनिकाचं जगणं-मरणं बैठक किती पक्की यावर! पुस्तकाच्या शेवटी वेल्स खऱ्या युद्धावर तुटून पडतो, खेळ हा त्याच्या मानानं फार शहाणपणाचा असं सांगतो. पुढच्याच वर्षी महायुद्ध सुरू झालं.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ठोकळा आणि बाहुली या दोन परंपरा एकत्र आल्या. १९९० साली आलेल्या 'डीबीए' नावाच्या नियमांत प्रत्येक बाजूला बाराच बैठका असतात. पंधरा मिलिमीटरचे सैनिक असतील तर प्रत्येक बैठक चाळीस मिलिमीटर रुंद. दाट फळी धरणाऱ्या पायदळाचे चार सैनिक एका बैठकीवर, घोडेस्वार तीन, हलके घोडेस्वार दोनच. एकेक सैनिक मरत नाही, बैठकच्या बैठक उचलली जाते. 'वॉरहॅमर'सारख्या खेळांत उलट प्रत्येकाला स्वतःची चौकोनी बैठक, आणि पाच-पाचाच्या रांगा करून त्या सगळ्या एका तबकात ठेवायच्या. वीस सैनिक एकेक करून सरकवण्यापेक्षा तबक ढकललं की पलटण चालू लागते. मेलेले सैनिक मागच्या रांगेतून काढायचे, म्हणजे पुढची फळी भरलेली दिसते. खऱ्या कवायतीतही पुढचा पडला की मागचा त्याची जागा घेई.

आम्ही मावळ्यांच्या बैठका आणि तबकं केली ती अशी. मोडक्या पायात बारीक भोक पाडून तारेचा तुकडा खुपसला, दुसरं टोक लाकडी चकतीत. चकतीवर पाणी घातलेल्या फेविकॉलचा हात आणि वर चाळलेली वाळू. वाळू पळवेरकाडूच्या किनाऱ्यावरची होती. ती गोड्या पाण्यानं तीनदा धुऊन वाळवली, कारण मीठ राहिलं तर दमट हवेत रंगाला पोपडे येतात. तबकासाठी नवऱ्यानं जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचे तुकडे आणले आणि चकत्यांच्या पोटाला चुंबकाचे तुकडे चिकटवले. घरातल्या स्टीलच्या ताटावर हा प्रयोग करू नये. आपल्या बहुतेक ताटांचं स्टील चुंबकाला दाद देत नाही. मापात आम्ही पहिल्यांदा चुकलो. पंचवीस मिलिमीटरच्या पाच चकत्यांना सव्वाशे मिलिमीटर पुरतील असा हिशोब केला. पण कडेला वाळू आणि रंग चढला की चकती फुगते. रांगेमागे दोन-तीन मिलिमीटर सोडावेच लागतात. कडेला आइस्क्रीमच्या काड्यांची पट्टी लावली, म्हणजे तबक तिरकं झालं तरी कुणी घसरत नाही.

पण मराठी सैन्य तबकात बसवायचं तरी कसं? पहिलाच प्रश्न मुलानं विचारला, "मावळे इथं आले होते का?" इथून जवळूनच गेले होते. १६७७ साली महाराज गोवळकोंड्याहून कर्नाटकाच्या मोहिमेवर निघाले आणि मे महिन्यात त्यांचा तळ मद्रासच्या आसपास होता. सेंट जॉर्ज किल्ल्यातल्या इंग्रजांकडे त्यांनी काही औषधी वस्तू मागवल्याची नोंद आहे. तिथून ते जिंजीला गेले. ते सैन्य वेगानं हलणारं होतं. दोन-दोन घोडेस्वारांच्या मोकळ्या बैठका त्याला शोभल्या असत्या, तबक नव्हे.

तबकाचा प्रयोग मराठ्यांनी केला तो ८४ वर्षांनी, पानिपतावर. इब्राहिमखान गारद्याचं आठ-दहा हजारांचं कवायती पायदळ आणि तोफा भाऊसाहेबांच्या फौजेत होत्या. त्यांच्याभोवती बेत आखला गेला तो गोलाच्या लढाईचा. हा गोल म्हणजे कंपासनं काढलेलं वर्तुळ नव्हे. फारसीतून आलेल्या लष्करी भाषेत गोल म्हणजे सैन्याचा जथा. चहूबाजूंनी फौज, मधे सामानसुमान, बायका, मुलं, यात्रेकरू, कारकून, बाजारबुणगे. असा हा पोकळ चौकोन न मोडता यमुनेकडे सरकायचं आणि तिथून दिल्लीची वाट धरायची. छावणीत दाणावैरण संपली होती, उपाशी मरण्यापेक्षा हे बरं. होळकरांसारख्या जुन्या सरदारांचा भर गनिमी काव्यावर होता. पण गनिमी काव्याला पाठीवर बिऱ्हाड चालत नाही, आणि बिऱ्हाड तर बरोबर आलेलं होतं.

१४ जानेवारी १७६१ ला गोल निघाला. डाव्या बाजूला गारद्याच्या पलटणी रोहिल्यांवर आग ओकत पुढे सरकत होत्या. त्यांच्या शेजारी विठ्ठल शिवदेव विंचूरकर आणि दमाजी गायकवाड यांचे स्वार होते. त्यांनी जागा सोडली आणि रोहिल्यांवर घोडी घातली. गारद्याच्या तोफा-बंदुकांच्या पुढ्यात आपलेच स्वार आले, मारा थांबला, आणि बंदुकधारी रोहिल्यांनी स्वारांना परत फिरवलं. चौकोनाची एक कड उघडी पडली. लढाई दुपारपर्यंत चालली, पराभवाला कारणं पुष्कळ आहेत आणि इतिहासकारांचे त्यावर वाद आहेत. पण शेजवलकर आणि त्यांच्यासारखे अभ्यासक या प्रसंगापाशी थांबतात, ते उगाच नव्हे. स्वारांचं शौर्य खोटं नव्हतं. त्यांना तबकाच्या कडेचा अर्थ शिकवलेला नव्हता, एवढंच.

मुलानं ही लढाई टेबलावर मांडायला घेतली. गारद्याला चार तबकं, हुजुरातीला तीन, असं करत चौकोन उभा राहिला. मग तो थांबला. "मधे काय ठेवू?"

मी बुणगे या शब्दाशी पूर्वी झगडले आहे. एका बखरीचा उतारा इंग्रजीत नेताना 'छावणीच्या मागून येणारे' असं काहीतरी करून सुटले होते. बुणगा म्हणजे लढाईत कामाचा नसलेला, हा त्या शब्दातला तुच्छभाव मी गाळला आणि ते सभ्यपणाचं वाटलं. आता वाटतं, गाळायला नको होता. तुच्छभाव इतिहासाचा भाग आहे. पानिपतच्या हिशोबात हे लोक नेहमी ओझं म्हणूनच येतात. त्यांच्यामुळे फौज हलेना, त्यांच्यामुळे धान्य संपलं. डीबीएच्या नियमांत छावणीची एक बैठक असते आणि ती शत्रूच्या हाती लागली की नुकसानीत धरतात. पण ती टेबलाच्या काठाशी एका जागी असते. चालणारी छावणी, तीही पलटणींच्या पोटात, त्या नियमांना ठाऊक नाही.

त्या दिवाळीत घरापुढे किल्ला केला. मातीत अळीव पेरले, ते वर आले, त्यावर मावळे मांडले. इथल्या शेजाऱ्यांना तो आमचा कोलू वाटतो, आणि ते फार चुकीचं नाही. त्यांच्या नवरात्रातल्या कोलूत विषम संख्येच्या पायऱ्यांवर देव, खाली किराण्याचं दुकान मांडून बसलेले चेट्टियार नवरा-बायको, बाजूला जमिनीवर एखादं गाव. काही घरांत तंजावरची ती डोलणारी बाहुली असते. बूड गोल आणि जड, कशीही आडवी पाडा, पुन्हा उभी राहते. तंजावरवर १६७६ ते १८५५ भोसल्यांचं राज्य होतं, त्यामुळे तिच्याकडे पाहताना आम्हाला माहेरचं कुणी भेटल्यासारखं वाटतं. वेल्सच्या खेळात ही बाहुली कधीच मेली नसती.

गुम्मिडिपूंडीत श्रीलंकेतून आलेल्या तमिळ निर्वासितांची छावणी आहे, १९९० पासूनची. तमिळमध्ये तिला 'अगतिगळ मुगाम' म्हणतात. अगति म्हणजे ज्याला गती उरली नाही तो. आपला 'अगतिक' त्याच घरातला. आणि मुगाम म्हणजे आपलाच मुक्काम. मराठीत मुक्काम रात्रीचा असतो, फार तर आठवड्याचा. इथं त्या मुक्कामात जन्मलेल्या मुलांना आता मुलं झाली आहेत. मुलाचा एक वर्गमित्र तिथला. किल्ला बघायला तो आजीला घेऊन आला.

पाट्टी बराच वेळ किल्ल्यापुढे उकिडव्या बसून होत्या. बुरुजावरचे, दिंडीतले, तटावरचे मावळे त्यांनी बोटानं मोजले. मग माझ्याकडे वळून विचारलं, "सनंगळ एंगे, अम्मा?" लोक कुठं आहेत? सनम् हा इलंकै तमिळमधला रोजचा शब्द, मुळात आपला 'जन'. त्यांनी टोमणा मारला नव्हता. किल्ला आहे, शिपाई आहेत, मग आतली माणसं कुठं गेली, एवढंच त्यांना कळेना.

मला लाज वाटली, कारण उत्तर खोक्यात होतं. सासूबाई दर वर्षी मावळ्यांबरोबर दोन-चार इतर बाहुल्याही पाठवतात: डोक्यावर घागर घेतलेली बाई, भाजीवाली, काठी टेकणारा म्हातारा, जात्यावर बसलेली. माझ्या लहानपणीच्या किल्ल्यात पायथ्याच्या गावात त्या असायच्याच, विहीर आणि देऊळही असायचं. इथं आल्यापासून जागा कमी म्हणून आम्ही त्या बाहेर काढायचंच सोडलं होतं. त्या संध्याकाळी पाट्टींनीच त्या मांडल्या. गाव पायथ्याशी नाही, तटाच्या आत, मधोमध.

पानिपतचं टेबल पोंगलच्या सुट्टीत पुरं झालं. चौकोनाच्या मधे आता एक मोठं तबक आहे. त्यावर घागरवाली, भाजीवाली आणि म्हातारा आहे, एक बैलगाडी आहे. चकत्यांवरची वाळू पळवेरकाडूचीच. त्या तबकासाठी मुलाला नियम करावा लागला. बाकीच्या तबकांच्या निम्म्या वेगानं ते चालेल. लढू शकणार नाही. आणि कुठल्याही बाजूनं कड मोडून शत्रू त्याला भिडला, तर गारद्याची सगळी तबकं शाबूत असली तरी डाव हरला.

आम्ही सहा डाव खेळलो. गोल अजून एकदाही यमुनेपर्यंत पोचलेला नाही. पाचव्या डावात मी विंचूरकरांचं तबक हातात धरून बसले होते, समोर रोहिल्यांची फळी तुटायला आलेली, आणि घोडी घालायचा मोह मला आवरला नाही. मुलगा काही बोलला नाही. त्यानं मधलं तबक दोन्ही हातांनी उचललं आणि सावकाश बाजूला ठेवलं, म्हातारा पडू नये म्हणून.