उजाड नगराचें लांकूड

अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया प्रांतीं टायटसव्हिल हें गांव १८५९ सालीं ड्रेकच्या तेलविहिरीनें एकाएकीं भरभराटीस आलें. तेथें जतन केलेल्या एका घराची जन्मकथा विलक्षण आहे.

शेजारचें पिटहोल नगर १८६५ सालीं तेलाच्या आशेनें उभें राहिलें, आणि तेल आटतांच ओस पडलें. तेथील ६०,००० डॉलरांचें बाँटा हॉटेल फ्रँकलिन टारबेल यांनीं ६०० डॉलरांस घेतलें. तें उतरवून त्याच्या लांकूडसामानांतून १८७० सालीं टायटसव्हिलला हें घर बांधलें.

येथें वाढलेल्या त्यांच्या कन्या आयडा यांनीं १९०४ सालीं स्टँडर्ड ऑइल कंपनीचा इतिहास प्रसिद्ध केला. १९११ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती मक्तेदारी मोडली. तेलाच्या वैभवाचे अवशेष जिच्या नित्य दृष्टीसमोर होते, तिनें मोठेपणीं त्या वैभवाचा हिशेब मागावा, यांत आम्हांस नवल वाटत नाहीं.